दुरुस्तीनंतर तिरपें राहणारें स्टिअरिंग

पुढचा लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश किंवा पाटे बदलून गाडी गॅरेजांतून घरीं आली म्हणजे पुष्कळदां एक गोष्ट नजरेस येते. गाडी रस्त्यावर सरळ चालते, पण हातांतलें स्टिअरिंग मात्र सरळ नसतें. त्याची आडवी दांडी एका बाजूस कललेली असते. मालक तक्रार घेऊन परत गेला तर कित्येक मिस्त्री दहा मिनिटांत काम उरकून देतात. स्टिअरिंगच्या मधला नट सोडावयाचा, तें ओढून काढावयाचें, सरळ धरून पुन्हां दांत्यांवर बसवावयाचें आणि नट आवळावयाचा. स्टिअरिंग सरळ दिसूं लागतें, मालकाचें समाधान होतें, आणि मूळ दोष जागच्या जागीं राहतो. ज्यानें महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य काढलें आहे त्यास ह्या दुरुस्तीची ओळख पटावयास वेळ लागत नाहीं. शेजाऱ्यानें बांध सरकवला असतां सातबाऱ्यावरचें क्षेत्र कमी करून नोंद जुळवून घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार होय. नोंद जुळते खरी, पण जमीन गेलेली असते.

शेतकी मासिकांत हा विषय कशासाठीं, असें कोणी विचारील. एकलहरें, सामनगांव, हिंगणवेढें ह्या आमच्या पट्ट्यांतून शेतमाल आतां बैलगाडीनें बाजारास जात नाहीं. द्राक्षाचीं क्रेटें असोत कीं कांद्याच्या गोणी, पिकअप दारांत उभी असते, आणि तीच गाडी आज पिंपळगांव बसवंतास, उद्यां लासलगांवास, तर परवां रात्रीं कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारास जाते. ज्याचा पहिला संच १९७० सालीं सुरू झाला त्या आमच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणारे जड बल्कर ह्याच रस्त्यांवरून जात असतात. त्या भारानें आणि पावसानें रस्त्याची जी स्थिति होते ती सांगण्याची गरज नाहीं. पावसाळा सरतां सरतां पुढचे जॉइंट खडखडूं लागतात आणि गाड्यांची रांग गॅरेजापुढें लागते. भरल्या गाडीनें घाट उतरणाऱ्या माणसास पुढचीं चाकें कोणीकडे पाहत आहेत हें ठाऊक असणें अगत्याचें आहे.

वरचें स्टिअरिंग आणि खालचीं चाकें कशीं जोडलेलीं असतात तें प्रथम पाहूं. स्टिअरिंगपासून निघालेला दांडा खालीं एका पेटींत उतरतो. हल्लींच्या बहुतेक मोटारींत त्या पेटींत एक दातेरी दांडी असते. तिला कारागीर रॅक म्हणतात. स्टिअरिंग फिरलें कीं रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांस एकेक टाय रॉड असून ते आपापल्या बाजूच्या चाकास ढकलतात किंवा ओढतात. ह्या रॉडांच्या टोकांस आटे पाडलेले असतात. आट्यांवर रॉड फिरवून त्याची लांबी कमीजास्त करतां येते, आणि ती पक्की राहावी म्हणून वर एक लॉक नट असतो. सगळ्या प्रकरणाचें मर्म बहुधा ह्या दोन रॉडांच्या लांबींत असतें.

गाडी वळतांना आंतल्या बाजूचें चाक बाहेरच्याहून अधिक वळावें लागतें, कारण त्याचें वर्तुळ लहान असतें. ही युक्ति मोटारीच्याही आधींची आहे. म्यूनिकचा गाडीकार लँकेन्स्पर्गर ह्यानें ती घोड्यांच्या गाडीसाठीं काढली आणि रुडॉल्फ आकरमान ह्यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. जगांत नांव राहिलें तें आकरमानचें. कसणारा एक आणि उताऱ्यावर नांव दुसऱ्याचें, असे प्रकार केवळ आपल्याच तालुक्यांत होतात असें नव्हे. तें असो. ही रचना दोन्ही बाजूंस सारखी चालावी ह्यासाठीं एक अट आहे: गाडी सरळ चालत असतां रॅक बरोबर आपल्या मध्यावर असली पाहिजे. मध्य चुकला तर गाडी एकीकडे आंखूड जागेंत वळते आणि दुसरीकडे तिला अधिक जागा लागते. वरचें स्टिअरिंग नुसतें काढून सरळ बसविल्यानें रॅकचा मध्य तिळभरही हलत नाहीं, हें ह्यावरून उघड होईल. शिवाय ज्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत रॅकच्या ऐवजीं गिअरची पेटी असते, त्या पेटीचे दांते मध्यावर सर्वांत घट्ट बसतील असे घडवलेले असतात. मध्य सोडून चालणारी पेटी सैल भागावर चालते, आणि सरळ रस्त्यावरही चालकाच्या हाताला खेळ लागतो.

आतां तिरपेपणा येतो कसा तें पाहूं. आर्म किंवा जॉइंट बदलतांना टाय रॉडचें टोक सोडावें लागतें, कित्येकदां तेंही नवें घालावें लागतें. जुनें टोक किती आट्यांवर होतें हें मोजलें नाहीं तर नवें अंदाजानें बसतें. आट्याचा एक पूर्ण फेरा रॉडची लांबी साधारण १.५ मिलिमीटरनें बदलतो. हें अंतर कांहींच नाहीं असें वाटेल. परंतु तेवढ्यानें चाक अर्ध्या अंशाहून अधिक वळतें. पुढें एक चमत्कार होतो. गाडी चालू लागली कीं दोन्ही चाकें ही चूक आपसांत वांटून घेतात, अर्धी डावें, अर्धी उजवें, आणि गाडी सरळच जाते. वांटणी होतांना रॅक मात्र मध्यापासून सरकलेली असते. चाक एक अंश वळण्यास स्टिअरिंग सुमारें सोळा ते अठरा अंश फिरावें लागतें, म्हणून खालची बारीक चूक वर मोठी होऊन दिसते. एका रॉडांत एक फेरा चुकला तर स्टिअरिंग सुमारें ५ अंश कलतें, म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या जवळ जवळ एका मिनिटाएवढें. गाडीगणिक हा हिशेब थोडाबहुत बदलेल, पण बेताचा अंदाज येण्यास पुरेसा आहे.

ह्यांत दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलें अंतर आणि मागच्या कडांमधलें अंतर ह्यांतील फरकास कारागीर टो म्हणतात. एका रॉडची लांबी जितकी वाढली तितकीच दुसऱ्याची घटली असेल तर टो बिघडत नाहीं. स्टिअरिंग तिरपें दिसतें, पण टायर झिजत नाहींत. उलट दोन्ही रॉड एकाच बाजूनें सारखेच चुकले असतील तर स्टिअरिंग अगदीं सरळ दिसतें आणि टायर मात्र खाल्ले जातात. तेव्हां सरळ स्टिअरिंग हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. टोमधील चूक किती महाग पडते त्याचा हिशेब कोणासही करतां येईल. सुमारें ६०० मिलिमीटर व्यासाच्या चाकांत टोची चूक ३ मिलिमीटर असली तर ती दोनशेंत एक झाली. म्हणजे गाडी १ किलोमीटर चालली असतां दोन्ही टायर मिळून ५ मीटर आडवे घासले जातात, आणि १०० किलोमीटरांस अर्धा किलोमीटर. नवा टायर एका हंगामांत आंतल्या किंवा बाहेरच्या कडेनें उघडा पडतो तो ह्यामुळें. टायराच्या नक्षीवरून हात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेनें गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीसारखें टोंचतें असें लागलें तर टो चुकली आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करावी. चारही टायरांतील हवा गाडी थंड असतां सारखी करून घ्यावी. नंतर सपाट जागा पाहावी. आपले रस्ते पाणी निघून जाण्यासाठीं कडेस उतरते केलेले असतात व आपण डाव्या बाजूनें चालतों, म्हणून निर्दोष गाडीसही डावीकडे किंचित् ओढ असते. ती दोष समजून रॉड फिरवूं नयेत. बाजार समितीचें रिकामें आवार किंवा मोकळें मैदान ह्या कामीं उत्तम. तेथें सावकाश सरळ चालवून स्टिअरिंग कोठें राहतें त्याची खूण खडूनें करावी. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग तिरपें आहे, ही एक तक्रार. आणि स्टिअरिंगवरील पकड सैल केली कीं गाडी एका बाजूस पळते, ही दुसरी. दुसरीचीं कारणें बहुधा टायर, अडकलेला ब्रेक किंवा चाकाच्या इतर कोनांत असतात. तीं रॉड फिरवून जाणार नाहींत.

आपल्या पिकअपांच्या बाबतींत आणखी एक जागा तपासल्याशिवाय पुढच्या भागाला हात लावूं नये. ती जागा म्हणजे मागचा आंस. मागचे पाटे आंसावर यू बोल्टांनीं आवळलेले असतात आणि पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. मापाहून अधिक भार घालून खड्ड्यांतून गाडी गेली कीं यू बोल्ट ढिले पडतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि आंस एका बाजूस मागें सरकतो. मग गाडी कुत्रें धांवतें तशी अंग तिरपें करून धांवते, आणि ती सरळ ठेवण्यास चालकास स्टिअरिंग नेहमीं एका बाजूस धरावें लागतें. अशा वेळीं पुढें केलेल्या सगळ्या कामाचा खर्च वायां जातो. तपासणी सोपी आहे. चाकें सरळ ठेवून डाव्या बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधलें अंतर टेपानें मोजावें, मग उजव्या बाजूचें. दोहोंत बोटाच्या जाडीएवढा फरक आला तर आधीं पाट्यांकडे पाहावें. मागून चालणाऱ्या माणसास गाडी तिरपी चाललेली दिसते, हीही एक खूण आहे.

मागचा भाग ठीक निघाला तर स्टिअरिंगचा मध्य शोधावा. एका बाजूच्या शेवटापर्यंत स्टिअरिंग फिरवावें, तेथून दुसऱ्या शेवटापर्यंत किती फेरे होतात तें मोजावें आणि बरोबर निम्म्यावर परत आणावें. इंजिन चालू असून गाडी हळू पुढें मागें होत असली तर टायरांवर आणि पेटीवर ताण कमी येतो. निम्म्यावर आल्यावर स्टिअरिंग सरळ दिसतें कीं नाहीं ह्यावर पुढचा निकाल अवलंबून आहे. तेथें तें सरळ असेल तर वरचा भाग जसा कारखान्यांतून आला तसाच आहे. दोष खालच्या रॉडांत आहे आणि तेथेंच काम झालें पाहिजे. परंतु निम्म्यावरही तें तिरपेंच असेल तर त्याचा अर्थ असा कीं स्टिअरिंग पूर्वीं कोणी काढून बसविलें आहे, किंवा पेटी उतरवितांना मधल्या दांड्याचा जोड सोडला आणि तो एखादा दांता चुकवून पुन्हां जोडला. केवळ ह्या एका प्रसंगीं वरचा जोड सोडून दुरुस्त करणें योग्य आहे, आणि तेंही शक्यतों ज्या जोडांत चूक झाली त्याच जोडांत. स्टिअरिंगच्या दांत्यांवर एका दांत्याहून कमी फरक काढतांच येत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.

एअरबॅग असलेल्या गाडीचें स्टिअरिंग घरीं किंवा रस्त्याकडेच्या दुकानांत उघडूं नये. प्रवासी मोटारींस चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यामुळें पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरच्या मोटारींत ती आहे. तिला वीज पोंचविणारी एक पातळ फीत स्टिअरिंगखालीं गुंडाळलेली असते. मध्य सोडून बसविली तर वळतांना ती तुटते आणि अपघाताच्या वेळीं एअरबॅग उघडत नाहीं. वळणाचा दिवा आपोआप बंद करणारा खटकाही स्टिअरिंगच्या जागेवर अवलंबून असतो. स्टिअरिंग हलवून बसविलें असेल तर दिवा एका बाजूस लवकर आणि दुसऱ्या बाजूस उशिरां विझतो. जुनी गाडी विकत घेतांना ही बारीक खूण अवश्य पाहावी.

रॉडांचें काम करण्यापूर्वीं एक अट आहे. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकें लोंबकळत असतां शेवटचे आवळलेले असतील तर गाडी खालीं येतांच रबर पिळलें जातें. गाडी आपल्या उंचीवर बसत नाहीं आणि बुश लवकर फाटतात. ते बोल्ट ढिले करून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पुरते आवळावेत. नंतर गाडी चार पावलें पुढें मागें ढकलावी, पुढचा भाग दाबून सोडावा, म्हणजे सगळें आपल्या जागीं बसतें. ह्यावांचून घेतलेलें माप खोटें येतें.

मग स्टिअरिंग मध्यावर आणून सीटास पट्ट्यानें बांधावें आणि समोर उभें राहून चाकांकडे पाहावें. चालतांना स्टिअरिंग उजवीकडे कलत असेल तर आतां तें सरळ बांधल्यावर दोन्ही चाकें डावीकडे वळलेलीं दिसतील. तीं दोन्ही सारख्याच मानानें उजवीकडे आणावयाचीं आहेत. टाय रॉड आंसाच्या मागें असतील तर डावा रॉड लांब करावा आणि तितकाच उजवा आंखूड करावा; रॉड आंसाच्या पुढें असतील तर ह्याच्या उलट. ज्या रॉडाचा एक फेरा वाढवला त्याच्या जोडीदाराचा एक फेरा कमी, हें तत्त्व सोडलें नाहीं तर टो बदलत नाहीं. दोन्हींत एकेक फेरा केल्यानें स्टिअरिंग साधारण दहा अंश सरकतें. तेव्हां प्रथम अर्धा फेरा करून, चालवून पाहून, मग पुढें जावें. लॉक नट सोडण्यापूर्वीं आट्यांवर रंगाची खूण करावी. रॉडावरील रबरी बूट पिळला जात असेल तर त्याची पट्टी ढिली करावी, नाहींतर तो फाटून रॅकमध्यें माती शिरते. शेवटीं लॉक नट पक्के आवळावेत, आणि स्प्लिट पिन काढली असेल तर जुनी वांकवून न घालतां नवी घालावी.

टो पाहण्यास घरचें साधन पुरतें. गाडीच्या दोन्ही बाजूंस चाकांच्या मध्याच्या उंचीवर, पेरणीची ओळ धरतात तशी दोरी ताणावी; दोन्ही दोऱ्यांमधलें अंतर पुढें आणि मागें सारखें असावें, आणि मागच्या चाकांपासून त्या दोन्हीकडे सारख्या दूर असाव्यात. मग पुढच्या प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची व मागची कड दोरीपासून किती दूर आहे तें मिलिमीटरांत मोजावें. ह्यांत एकेक चाक वेगळें कळतें, हा ह्या पद्धतीचा मोठा लाभ. किती टो ठेवावयाची तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. शेजाऱ्याच्या गाडीचें माप आपल्या गाडीस लावूं नये.

पुढें अखंड आंस आणि पाटे असलेल्या जीपवजा गाड्यांची व्यवस्था निराळी आहे. तेथें दोन्ही चाकांस जोडणारा एक लांब टाय रॉड असतो. तो फक्त टो ठरवितो. गिअरच्या पेटीपासून चाकाकडे जाणारा दुसरा रॉड, ज्यास ड्रॅग लिंक म्हणतात, तो स्टिअरिंगचा मध्य ठरवितो. अशा गाडींत काम उलट सोपें: टो बरोबर असेल तर टाय रॉडास हातही न लावतां केवळ ड्रॅग लिंकची लांबी बदलून स्टिअरिंग सरळ करतां येतें. बसलेले पाटे काढून नवे घातले किंवा एखादा पाटा वाढवला कीं गाडीचा पुढचा भाग उंच होतो, ड्रॅग लिंकचा उतार वाढतो आणि ती चाकास एका बाजूस ओढते. कोणी कोणताही रॉड सोडला नसतांही स्टिअरिंग तिरपें होण्याचें कारण हें असतें. त्याचा दोष मिस्त्रीवर ठेवूं नये.

दोरीनें केलेलें काम कच्चें समजून शेवटीं अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी एकदां घालावी. यंत्र चालविणाऱ्यानें माप घेण्यापूर्वीं स्टिअरिंग सरळ करून कुलपानें धरलें आहे कीं नाहीं तें उभें राहून पाहावें. हें न करतां टो बसविली तर ती बरोबर येते आणि स्टिअरिंग तिरपेंच राहतें. रॉडाचे आटे जवळ जवळ संपेपर्यंत एका बाजूस फिरवावें लागत असेल तर तेथेंच थांबावें, कारण त्या बाजूचा आर्म, रॉड किंवा चाकाचा हात वांकलेला असण्याचा संभव मोठा आहे. वांकलेला भाग रॉडाच्या लांबीनें झांकणें हें घाट उतरतांना जिवावर बेतणारें काम आहे. तो भाग बदलावा. नव्या मोटारींत स्टिअरिंगचा कोन मोजणारें विजेचें साधन असतें. दुरुस्तीनंतर त्यास नवा मध्य संगणकानें शिकवावा लागतो, नाहींतर फलकावर दिवा लागतो. यंत्राचा कागद, दुरुस्तीपूर्वींचे आणि नंतरचे असे दोन्ही आंकडे असलेला, मागून घ्यावा आणि गाडीच्या विम्याच्या कागदांत ठेवावा. पुढें पुन्हां पुढच्या भागाचें काम निघालें म्हणजे कोठून सुरुवात करावयाची तें त्यावरून कळतें.